दोन टक्क्यांच्या मापात पाप

गेल्या दहा-बारा वर्षांत गावोगाव एक नवी पाटी दिसू लागली आहे. शाळेच्या भिंतीवर, पाण्याच्या टाकीवर, बंधाऱ्याच्या कठड्यावर, कुठे कुठे तर स्मशानभूमीच्या शेडवरसुद्धा. वर कंपनीचे चिन्ह, खाली ‘सामाजिक दायित्व निधीतून’. साहेबांनी फीत कापलेली असते, सरपंचांनी नारळ फोडलेला असतो, फोटो निघालेला असतो. तो फोटो पुढे कंपनीच्या चकचकीत वार्षिक अहवालात जातो. टाकीत पाणी आले का, किती दिवस आले, हे लिहायला मात्र त्या अहवालात रकाना नाही.

शेतकरी भावांनो आणि मायबहिणींनो, या सीएसआरच्या पैशाबद्दल जिल्हा बैठकांत दोन टोकांची बोलणी ऐकू येतात. काहींना वाटते, ही नवी गंगा आहे, आपल्याही तालुक्याकडे तिचा एक पाट काढून घ्यावा. काहींना वाटते, ही सगळी धूळफेक आहे, तिच्याकडे बघूही नये. दोघांनीही हिशेब मांडलेला नसतो. शेतकरी आंदोलनाची सुरुवात भाषणांतून झाली नाही, ती एका क्विंटलच्या उत्पादनखर्चाच्या हिशेबातून झाली. तोच हिशेब या दोन टक्क्यांचाही मांडला पाहिजे.

आधी कायदा काय म्हणतो ते पाहू. २०१३ च्या कंपनी कायद्याचे १३५ वे कलम १ एप्रिल २०१४ पासून लागू झाले. ज्या कंपनीचे नक्त मूल्य ५०० कोटी, किंवा उलाढाल १,००० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये किंवा त्याहून जास्त, तिने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करायची. तीनपैकी एक अट लागू झाली तरी पुरे. कोणत्या कामांवर, याची यादी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत आहे. शिक्षण, आरोग्य, पिण्याचे पाणी, पर्यावरण, वारसास्थळे, खेळ, ग्रामीण विकास आणि पुढे बरेच काही. गंमत अशी की या यादीत ‘शेती’ असा स्वतंत्र शब्दच नाही. ‘कृषिवनीकरण’ आहे, ‘मातीची प्रत राखणे’ आहे, ‘उपजीविका’ आहे, प्राण्यांचे कल्याणही आहे. शेतकऱ्याने यांपैकी कुठल्या तरी दाराने आत यायचे.

जगात कंपन्यांना असे कायद्याने बांधणारे देश मोजकेच. त्यामुळे दिल्लीत या कलमाचे कौतुक फार. आकडाही डोळे दिपवणारा आहे. पहिल्या वर्षी, २०१४-१५ मध्ये, सर्व कंपन्यांचा मिळून खर्च सुमारे १० हजार कोटी रुपये झाला. २०२२-२३ मध्ये तो ३० हजार कोटींच्या आसपास पोचला. खर्च करणाऱ्या कंपन्या वीस हजारांहून अधिक, पण पैशाचा मोठा भाग शेअर बाजारात नोंदलेल्या मोजक्या बड्या कंपन्यांचा. राज्यांमध्ये सर्वांत मोठा वाटा महाराष्ट्राचा, आणि महाराष्ट्रात मुंबई-पुणे पट्ट्याचा.

आता आपला हिशेब. २०१५-१६ च्या कृषिगणनेनुसार देशात साडेचौदा कोटींवर वहिती खाती आहेत. सगळेच्या सगळे ३० हजार कोटी या खात्यांवर वाटून टाकले, एक पैसाही शाळा-दवाखान्याला दिला नाही, तरी एका खात्याला वर्षाला दोन हजार रुपयांच्या आसपास येतात. वर्षात वीस क्विंटल माल विकणाऱ्या लहान शेतकऱ्याला भावात क्विंटलमागे शंभर रुपयांचा फरक पडला, की तेच दोन हजार झाले. म्हणजे देशातल्या झाडून सगळ्या कंपन्यांचे सगळे दातृत्व एका पारड्यात, आणि क्विंटलमागे शंभर रुपये दुसऱ्या पारड्यात. काटा मधोमध उभा राहतो. २०२४ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये जाहीर झाला होता आणि महाराष्ट्रातल्या बाजारांत त्याच्या कितीतरी खाली सौदे होत राहिले. तिथे फरक शंभरावर थांबला नव्हता, हे वाचकांना सांगायला नको.

एका कंपनीपुरते पाहू. समजा, शेतीमाल विकत घेऊन प्रक्रिया करणारी एक कंपनी आहे. तिचा तीन वर्षांचा नफा ९०, १०० आणि ११० कोटी. सरासरी १०० कोटी. तिचे दायित्व झाले २ कोटी. ही कंपनी वर्षाला १० लाख क्विंटल सोयाबीन घेते असे धरा. दोन कोटी भागिले दहा लाख, म्हणजे क्विंटलमागे वीस रुपये. चार हजारांच्या भावाने वीस रुपये म्हणजे अर्धा किलो सोयाबीन. काट्यावर क्विंटलमागे अर्धा किलो कट्टी कापली, की वर्षाचे सामाजिक दायित्व शेतकऱ्याच्याच पोत्यातून वसूल झाले. ओल, मातेरे, डागी दाणा यांच्या नावाने किती कापले जाते ते आपण सर्व जाणतो; अर्धा किलो ही तर सभ्य माणसाची कट्टी झाली. पुढे त्याच दोन कोटींतून त्याच गावाला पाण्याची टाकी मिळते आणि तिच्यावर पाटी लागते. याला आपल्याकडे जुना शब्द आहे, गाय मारून जोडे दान.

उसाचेही तसेच. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार ऊस दिल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे, उशीर झाला तर १५ टक्के दराने व्याज द्यायचे. शंभर कोटींचे ऊसबिल दोन महिने थकवले तर व्याजच अडीच कोटी होते. हे व्याज प्रत्यक्षात शेतकऱ्याच्या हातात किती वेळा पडते? शंभर कोटी नफ्याच्या कंपनीचे वर्षाचे दायित्व दोन कोटी, आणि दोन महिन्यांच्या थकबाकीचे न दिलेले व्याज अडीच कोटी. (सहकारी कारखाने सहकार कायद्याखाली येतात, त्यांना हे १३५ वे कलम लागत नाही. त्यांच्या दातृत्वाचा हिशेब वेगळ्याच वहीत असतो आणि ती वही निवडणुकीच्या तोंडावर उघडते.)

इथे एक गैरसमज नको. कंपनीने नफा कमावणे हे पाप आहे, असे म्हणणाऱ्यांतले आम्ही नाही. शेतकऱ्याला स्वतःलाच नफा हवा आहे, तो दुसऱ्याच्या नफ्याला कशाला शिव्या देईल? शेतीमालाचा भाव पाडण्याचे काम आयात-निर्यातीच्या धोरणातून, साठ्यांवरच्या मर्यादांतून मुख्यतः सरकार करते. कंपनी त्या पडलेल्या भावात माल उचलते. मुद्दा एवढाच की जो व्यवहार कंपनी आणि शेतकरी यांच्यात वर्षभर चालतो त्याचा एक शब्दही दायित्वाच्या मापात येत नाही. येतो तो वर्षाअखेरच्या दानाचा आकडा.

हे माप बनवलेच तसे आहे. ते खर्च मोजते, परिणाम मोजत नाही. कंपनीने दोन टक्के खर्च केले का? केले. पुढचे पान उलटा. नियमाने परिणामांचे मूल्यमापन कोणी करायचे, तर ज्या कंपनीचे गेल्या तीन वर्षांचे सरासरी दायित्व १० कोटी किंवा जास्त आहे तिने, आणि तेही एक कोटी किंवा त्याहून मोठ्या, पुरे होऊन निदान वर्ष झालेल्या प्रकल्पांचेच. म्हणजे पन्नास लाखांचा बंधारा पहिल्या पावसात फुटला तर त्याचे मूल्यमापन कोणावरच बंधनकारक नाही. जिथे ते आहे तिथे मूल्यमापन करणारी संस्था निवडायची कंपनीने, तिचे बिल भरायचे कंपनीने. पैसे ठरल्या कामावर लागले, हा दाखला द्यायचा कंपनीच्याच मुख्य वित्त अधिकाऱ्याने. बाजार समितीत व्यापाऱ्याचा काटा व्यापाऱ्याच्याच मुनिमाने तपासावा आणि त्यानेच शिक्का मारावा, अशातली ही गत. २००५ च्या रोजगार हमी कायद्यात निदान ग्रामसभेने सामाजिक अंकेक्षण करण्याची तरतूद तरी होती. त्यात किती ठिकाणी कागदी घोडे नाचले ते आपण पाहिले, पण ज्यांच्यासाठी काम, त्यांनीच ते तपासायचे, एवढे तत्त्व तरी कायद्याला मान्य होते. कंपन्यांच्या दायित्वात लाभार्थ्याला विचारायचे बंधन नाही.

कायदा सुरुवातीला फारच सैल होता. पैसे खर्च झाले नाहीत तर अहवालात कारण लिहायचे, की सुटका. २०१९ च्या दुरुस्तीत अधिकाऱ्यांना तुरुंगवासाची तरतूद आली, उद्योगपतींनी आरडाओरड केली, ती तरतूद अमलात आलीच नाही. २०२० मध्ये ती काढून दंड ठेवला गेला. जानेवारी २०२१ पासून नियम थोडे आवळले गेले. चालू प्रकल्पाचे पैसे उरले तर ३० दिवसांत वेगळ्या बँक खात्यात टाकायचे आणि तीन वर्षांत संपवायचे. बाकीचे उरलेले पैसे सहा महिन्यांत सातव्या अनुसूचीतल्या एखाद्या निधीत भरायचे. नाही केले तर कंपनीला त्या रकमेच्या दुप्पट किंवा एक कोटी, यांपैकी जे कमी असेल तेवढा दंड. वाचायला बरे वाटते. पण अनुसूचीतले निधी बहुतेक केंद्र सरकारचे. कंपनीने आपल्या तालुक्यात पैसे खर्च केले नाहीत तर शिक्षा काय? पैसे दिल्लीला जातील. तालुका होता तिथेच.

ज्या भागातून कंपनी कमावते त्या भागाला प्राधान्य द्यावे, असे कलम १३५ मध्ये स्पष्ट लिहिलेले आहे. पण हे प्राधान्य बंधनकारक नसून मार्गदर्शक आहे, असा खुलासा खुद्द कंपनी व्यवहार मंत्रालयाने केला आहे. शेतीमाल मराठवाड्यातून, विदर्भातून, खानदेशातून जातो. कचेरी मुंबईत असते. आणि ‘स्थानिक भाग’ म्हणजे कचेरीचा भाग की मालाचा, हे संचालक मंडळाने ठरवायचे. त्यात भर म्हणजे सरकारी संकेतस्थळावरच्या आकडेवारीत खर्चाचा एक भाग कोणत्याच राज्याच्या नावे नसतो, तो ‘अखिल भारतीय’ या गोणीत टाकलेला असतो. अखिल भारत नावाचे गाव कोणी पाहिले आहे? बंधारा कुठल्या तरी नाल्यावरच बांधावा लागतो.

काय मोजायचे आणि काय नाही, यातही सोय पाहिली जाते. दोन उदाहरणे पुरेत. गुजरातेत केवडियाला सरदार पटेलांचा पुतळा उभा राहिला, ३१ ऑक्टोबर २०१८ ला त्याचे उद्घाटन झाले. त्यासाठी २०१६-१७ मध्ये पाच सरकारी तेल कंपन्यांनी मिळून १४६ कोटी ८३ लाख रुपये सामाजिक दायित्वाच्या खात्यातून दिले. एकट्या ओएनजीसीचे ५० कोटी होते. राष्ट्रीय वारशाचे जतन, असे त्याला नाव दिले गेले. भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०१८ च्या अहवालात आक्षेप घेतला की हा काही जतन करायचा वारसा नव्हे, त्यामुळे हा खर्च या सदरात बसत नाही. वल्लभभाई आमचेच. १९२८ साली बारडोलीत शेतसाऱ्याविरुद्ध शेतकऱ्यांना उभे करणारा हा नेता. साऱ्याच्या वाढीचा आकडा कसा चुकीच्या मापाने काढला गेला, हेच तर तिथे त्यांनी सरकारला मान्य करायला लावले. त्यांच्या नावाने उभ्या राहिलेल्या कामातच मापाचा असा घोळ व्हावा!

दुसरे उदाहरण करोनाच्या वर्षाचे. मार्च २०२० मध्ये पंतप्रधानांच्या नावाने नवा निधी निघाला आणि २८ मार्चला परिपत्रक आले की या निधीला दिलेले पैसे दायित्वात धरले जातील. एप्रिलमध्ये खुलासा आला की मुख्यमंत्री सहायता निधीला दिलेले पैसे धरले जाणार नाहीत. राज्याच्या आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाला दिले तर चालतील, पण मुख्यमंत्री निधीला नाही. संकट तेच, माणसे तीच, नोटाही त्याच. सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात अतिवृष्टीने जमिनी खरवडून नेल्या, उभी पिके पाण्याखाली गेली. त्या वेळी एखाद्या कंपनीने राज्याच्या मुख्यमंत्री निधीला शेतकऱ्यांसाठी कोटभर दिले असतील, तर ते तिच्या दोन टक्क्यांत बसत नाहीत. पंतप्रधानांच्या निधीला दिले असते तर बसले असते. हे सामाजिक दायित्वाचे माप म्हणायचे, की दिल्लीने कंपन्यांच्या नफ्यावर बसवलेली पट्टी? लायसन्स-परमिटचे राज्य १९९१ नंतर संपले असे म्हणतात. दान कोणाला दिले तर मोजायचे, हे ठरवण्याचे परमिट अजून सरकारच्याच खिशात आहे.

सक्तीच्या दानाचे आणखी एक फळ आहे. धम्मिका धर्मपाल आणि विक्रमादित्य खन्ना या अभ्यासकांनी २०१८ मध्ये कंपन्यांचे कायद्याच्या आधीचे आणि नंतरचे हिशेब तपासले. जे दोन टक्क्यांपेक्षा कमी देत होते त्यांनी वाढवले, आणि जे आधीपासून आपखुशीने जास्त देत होते त्यांनी खाली आणले. शिवराम राजगोपाल आणि प्रसन्न तंत्री यांच्या अभ्यासातही तेच दिसले. वर असे की दान कमी करणाऱ्या कंपन्यांनी जाहिरातीचा खर्च वाढवला. यात नवल वाटायचे कारण नाही. सरकारने ‘किमान’ म्हणून आकडा लिहिला, की तो बघता बघता ‘कमाल’ होतो. हमीभावाचे आपण काय पाहतो? किमान आधारभूत किंमत म्हणून जो आकडा निघतो, तोच व्यापाऱ्याच्या तोंडी जास्तीत जास्त भाव होऊन बसतो.

पण या मापातला सगळ्यात मोठा दोष वेगळाच आहे. त्यात उणे नाही. जुन्या कार्यकर्त्यांना गॅट कराराच्या वेळचा वाद आठवत असेल. भारतातल्या शेतकऱ्याला सबसिडी किती मिळते, याचा हिशेब तिथे मांडावा लागला. १९८६ ते ८८ हा पाया धरून पिकांना मिळणाऱ्या भावाची जागतिक भावाशी तुलना झाली, तेव्हा पीकनिहाय आकडा उणे निघाला. सरकार देत नव्हते, काढून घेत होते. शेतकरी आंदोलन जे सांगत होते ते सरकारच्याच कागदात उतरले. पुढे २०१८ मध्ये ओईसीडी आणि इक्रिअर यांच्या अभ्यासात २०००-०१ ते २०१६-१७ या काळासाठी हाच आकडा शेतीच्या एकूण उत्पन्नाच्या सरासरी उणे १४ टक्के आला. खत-विजेवरच्या सबसिड्या धरूनसुद्धा. हे कशामुळे कळले? मापात उणे चिन्हाला जागा होती म्हणून. एका बाजूला दिलेले, दुसऱ्या बाजूला घेतलेले, आणि खाली वजाबाकी.

कंपनीच्या दायित्वाच्या तक्त्यात अशी वजाबाकी नाही. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. अशा प्रसंगानंतर कोणी मुखपट्ट्या आणि हातमोजे वाटले तर वाटपाचा खर्च दाखवता येतो, लाभार्थ्यांची संख्या लिहिता येते. दगावलेल्यांचा आकडा त्या तक्त्यात कुठल्याच रकान्यात बसत नाही. नदीत मळी सोडणारा कारखाना नदीकाठी झाडे लावतो आणि झाडे मोजली जातात. मेलेले मासे आणि नासलेल्या विहिरी मोजायच्या तर त्या प्रदूषण मंडळाच्या दप्तरात. आणि एका दप्तराची दुसऱ्याशी ओळख नसते.

मग आपण काय मोजावे अशी मागणी करायची? नवा कायदा मागण्याची आम्हाला हौस नाही; आहेत तेच कायदे शेतकऱ्याच्या मानेभोवती पुरेसे आहेत. आणि गरजही नाही, कारण बऱ्यापैकी माप आधीच एका कागदात पडून आहे. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने २०१२ मध्ये पहिल्या १०० नोंदलेल्या कंपन्यांना जबाबदारीचा अहवाल द्यायला लावले. पुढे ही संख्या वाढत गेली आणि २०२२-२३ पासून बाजारमूल्याने पहिल्या १,००० कंपन्यांना ‘बीआरएसआर’ नावाचा सविस्तर अहवाल सक्तीचा झाला. कंपनीने कच्चा माल किती टक्के लहान उत्पादकांकडून आणि लघुउद्योगांकडून थेट घेतला, हा आकडा त्यात सक्तीच्या भागात आहे. विकत घेतलेल्या मालाचे पैसे चुकते करायला सरासरी किती दिवस लावले, हाही प्रश्न २०२३ पासून त्यात आला आहे. आम्हाला विचाराल तर दोन टक्क्यांच्या सगळ्या फोटोंपेक्षा हे दोन आकडे मोलाचे आहेत. थेट खरेदी किती आणि पैसे किती दिवसांनी. यात भाव आणि काटा नाही, ही उणीव खरी. तरी शेतकरी या कागदावर हात पसरणारा म्हणून येत नाही, माल विकणारा म्हणून येतो. उलट मागास म्हणून निवडलेल्या आकांक्षित जिल्ह्यांत (महाराष्ट्रात २०१८ च्या यादीत गडचिरोली, वाशीम, नंदुरबार आणि त्या वेळचे उस्मानाबाद) सीएसआरचे किती पैसे गेले, हा प्रश्न याच अहवालात ऐच्छिक भागात टाकला आहे. मनात आले तर उत्तर द्यावे.

सीएसआरच्या स्वतंत्र अहवालाबाबत एक गोष्ट ध्यानात ठेवायची. २०२१ च्या नमुन्यात प्रत्येक प्रकल्प, राज्य, जिल्हा, रक्कम आणि काम करणारी संस्था असे रकाने होते. सप्टेंबर २०२२ मध्ये नमुना बदलला आणि प्रकल्पवार यादी वार्षिक अहवालातून गेली. सगळ्या प्रकल्पांची मिळून एकच रक्कम उरली. तपशील सरकारकडे वेगळ्या अर्जात जातो. पण या नव्या नमुन्यात एक फट राहिली आहे आणि ती आपल्या कामाची आहे. दायित्वाच्या पैशातून इमारत, टाकी, यंत्र असे काही कायमचे उभे केले असेल, तर ते कुठे आहे त्याचा पिनकोड, तारीख, रक्कम आणि आता मालक कोण, हे लिहावे लागते. अशी मालमत्ता कंपनीला स्वतःच्या नावावर ठेवता येत नाही. ती नोंदणीकृत संस्थेच्या, सार्वजनिक प्राधिकरणाच्या किंवा लाभार्थ्यांच्या गटाच्या नावावर असावी लागते. आपल्या गावातल्या टाकीचा मालक कागदावर कोण आहे, हे किती गावांना ठाऊक आहे? याशिवाय संचालक मंडळाने मंजूर केलेल्या प्रकल्पांची यादी कंपनीने आपल्या संकेतस्थळावर लावायची, असाही नियम आहे.

तेव्हा पुढच्या बैठकीपर्यंतचे काम ठरवू. प्रत्येक तालुक्याने आपल्या भागातून माल घेणारी किंवा आपल्या भागात बियाणे-खते-औषधे विकणारी, शेअर बाजारात नोंदलेली एक कंपनी निवडावी. एकच, पण नीट. तिचा वार्षिक अहवाल शेअर बाजाराच्या संकेतस्थळावर फुकट मिळतो. कॉलेजात जाणाऱ्या पोरा-पोरींना सांगितले तर दहा मिनिटांत काढून देतील. त्यातून तीन वर्षांचा नफा, दायित्वाची रक्कम, आपल्या पिनकोडवर दाखवलेली मालमत्ता, थेट खरेदीचा टक्का आणि पैसे द्यायला लागलेले दिवस एवढे उतरवून घ्यावे. मग गावात जाऊन ती मालमत्ता जागेवर आहे का, चालते का, ते बघून लिहावे. दुसऱ्या बाजूला शेतकऱ्यांच्या हिशेबपट्ट्या गोळा कराव्यात. त्या हंगामात काट्यावर कट्टी किती कापली गेली, पट्टी किती दिवसांनी मिळाली, कोणत्या भावाने. किमान पंचवीस पट्ट्या तरी हव्यात. दोन-चार पट्ट्यांवरून आरोप करायचे नाहीत. आपला हिशेब कच्चा निघाला तर पुढे कोणी ऐकणार नाही. दोन्ही कागद शेजारी ठेवून खाली वजाबाकी करावी. आकडा अधिक आला तर तसा छापू, कंपनीचे नाव घेऊन चांगले म्हणू. उणे आला तर तोही छापू.

सरकारी कंपनी असेल तर माहिती अधिकारात प्रकल्पवार तपशील मागता येतो. खासगी कंपनीला तो कायदा थेट लागत नाही. तिथे दुसरा रस्ता आहे. तालुक्यातल्या एखाद्या शेतकऱ्याने त्या कंपनीचा एक शेअर घ्यावा. एका शेअरचा धनीसुद्धा वार्षिक सर्वसाधारण सभेत प्रश्न विचारू शकतो. आता अनेक कंपन्यांच्या सभा पडद्यावर होतात, मुंबईला जाण्याचा खर्चही नाही. मात्र प्रश्न विचारायचा असेल तर बहुधा आधी नाव नोंदवावे लागते, त्याची मुदत नोटिशीत असते. आर्थिक वर्ष मार्चला संपणाऱ्या कंपन्यांना ही सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते आणि नोटीस किमान २१ दिवस आधी द्यावी लागते. तालुक्यांनी निवडलेल्या कंपन्यांची नावे आणि गोळा केलेल्या पट्ट्यांची संख्या जूनच्या बैठकीत जिल्हा कार्यालयाकडे द्यावी, म्हणजे प्रश्न तयार करायला वेळ राहील.